मुटकुळ्याची दिशा: फ्लेक्शन म्हणजे नक्की काय?

अंगण धुताना आईचा पाय घसरला, तिनं उजवा हात टेकला आणि कोपर गेलं. पुढं प्लास्टर झालं, ते निघालं, आणि मग व्यायामासाठी पाठवलं तिथून एक कागद हातात मिळाला. नाव, वय, तारीख आणि खाली पेनानं खरडलेली एकच ओळ : 'एल्बो फ्लेक्शन ३० ते ११०'. समजावून सांगायला कुणाला सवड नव्हती. बाहेर रांग होती आणि सोलापूरचं ऊन डोक्यावर आलं होतं.

रिक्षात आईनं कागद उलटसुलट करून बघितला. "फ्लेक्शन म्हणजे काय गं? चौकात लावतात ते फ्लेक्स का?"

"नाही गं आई."

"आणि हे तीस? शंभरातले तीस? म्हणजे एवढे दिवस हात हलवून मी नापासच की. पासाला पस्तीस लागतात."

मी हसले खरी, पण घरी आल्यावर शोधायला बसले तेव्हा कळलं की फ्लेक्सच्या बाबतीत आई बरोबर होती. लॅटिनमध्ये 'फ्लेक्टेरे' म्हणजे वाकवणे. त्यावरून 'फ्लेक्सिओ', म्हणजे वाकवण्याची क्रिया, आणि तेच शरीरशास्त्रात 'फ्लेक्शन' झालं. वाकतं ते 'फ्लेक्सिबल'; आणि नेत्यांच्या वाढदिवसाला चौक झाकून टाकणारं ते प्लास्टिकचं कापड गुंडाळता, वाकवता येतं म्हणून 'फ्लेक्स'. गुडघ्यावर डॉक्टर रबरी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो तो 'रिफ्लेक्स', शब्दशः 'मागं वळलेला'. आरशावरून उजेड मागं वळतो तेही 'रिफ्लेक्शन'. युरोपातले व्याकरणवाले तर शब्दांनाही वाकवतात. आपण 'घर'चं 'घराला', 'घरात' करतो, त्या विभक्तीच्या खेळालाही तिकडं हेच नाव आहे. चर्चमध्ये गुडघा टेकून नमन करतात, ते 'जेन्युफ्लेक्शन'. त्यातलं 'जेनू' म्हणजे गुडघा, आणि हा 'जेनू' आपल्या संस्कृत 'जानु'चा सख्खा भाऊ. 'आजानुबाहू' म्हणतो ना आपण, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो? तोच जानु.

आता कागदावरचे आकडे. हात सरळ खाली सोडला, कोपर पूर्ण उलगडलेलं, की ते शून्य. तिथून हात जसजसा मिटत जाईल तसतसे अंश वाढतात. निरोगी कोपर शून्यापासून १४५ च्या आसपास जातं. आईचं '३० ते ११०' म्हणजे दोन्ही टोकांना अडचण होती. सरळ करताना शेवटचे ३० अंश उलगडत नव्हते, आणि मिटताना ११० ला हात थांबत होता. म्हणजे ३० हे मिळालेले मार्क नव्हते, राहिलेलं काम होतं. आईला हे सांगितल्यावर तिचा चेहरा जरा सैलावला.

हे ११० काय असतं ते ताटावर दिसायचं. आईनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, हात वर आणला आणि तो हनुवटीच्या अलीकडं वीतभरावर अडला. डाव्या हातानं जेवणं तिला पटत नाही. मग तिनं मान खाली घातली आणि तोंडच हातापाशी नेलं. घास तोंडापर्यंत न्यायला कोपर साधारण १३० अंशांपर्यंत मिटावं लागतं. हाडांचे डॉक्टर रोजच्या कामांसाठी ३० ते १३० हा पट्टा पुरेसा धरतात, त्यात बहुतेक सगळं उरकतं. म्हणजे खालचे ३० राहिले तरी एकवेळ चालेल. वरचे २० फार महत्त्वाचे होते. मंगळसूत्राचा फासा, अंबाडा, कानातलं, सगळी कामं त्या वीस अंशांत अडकलेली.

हा कोन मोजायचं साधनही साधंच आहे. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडाव्यात तसं. एक पट्टी दंडाच्या रेषेत, दुसरी हाताच्या रेषेत, मधली खीळ कोपरावर, आणि आकडा वाचायचा.

तर मग फ्लेक्शनची पुस्तकी व्याख्या सोपी : सांध्यातल्या दोन हाडांमधला कोन ज्या हालचालीनं लहान होतो ती. कोन मोठा करत सरळ नेणारी हालचाल म्हणजे 'एक्स्टेन्शन'. कोपर, गुडघा, बोटं, इथवर ही व्याख्या कुठंच अडत नाही. खांद्यापाशी मात्र ती अडखळते. हात समोरून वर उचलला तर त्याला खांद्याचं फ्लेक्शन म्हणतात, थेट कानाला लागेपर्यंत, १८० अंश. यात कुठला कोन लहान झाला? घोट्याचं तर त्याहून अवघड. मानेचं काय? हनुवटी छातीला लावली की फ्लेक्शन, पण मणक्यांमधला कोन असा कुणाला दिसतो?

मला यातून वाट सापडली ती एका घरगुती शब्दात. थंडीत पांघरूण कमी पडलं की आपण काय करतो? मुटकुळं करून झोपतो. हनुवटी छातीशी, पाठ कमानीसारखी, मांड्या पोटाशी, गुडघे मिटलेले, हात समोर घेऊन कोपरात दुमडलेले, मुठी वळलेल्या. या एका चित्रात शरीरातली जवळजवळ सगळी फ्लेक्शनं एकदम आली. मान, कणा, खांदा, कोपर, मनगट, बोटं, खुबा, गुडघा. सांधा कुठलाही असो, स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : ही हालचाल मुटकुळ्याकडं नेते की मुटकुळं सोडवते? नेत असेल तर फ्लेक्शन. खांद्याचा घोळही इथं सुटतो. मुटकुळ्यात हात समोर येतात, म्हणून समोर उचलणं हे फ्लेक्शन. ती दिशा पुढं डोक्यावर गेली तरी नाव बदलत नाही.

ही नुसती लक्षात ठेवायची युक्ती नाही. पोटातलं बाळ असंच असतं, मुटकुळं करून. आणि कोपर पुढच्या बाजूला मिटतं तर गुडघा मागच्या बाजूला का, याचं उत्तरही तिथंच आहे. गर्भात हातापायांचे कोंब फुटतात तेव्हा ते जवळजवळ सारखेच असतात. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास हात बाहेरच्या अंगाला साधारण काटकोनात वळतात आणि पाय आतल्या अंगाला. त्यामुळं कोपराचं टोक मागं गेलं आणि गुडघ्याची वाटी पुढं आली. दोघांचं मिटणं मुळात एकाच जातीचं, फक्त अंग वळल्यामुळं तोंडं विरुद्ध झाली. लहानपणी वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, गुडघा उलटा का वळतो, आणि बाईंनी तिला खाली बसवलं होतं. प्रश्न चांगला होता.

आपल्याकडं हा शब्द काय होता? संस्कृतात 'आकुंचन'. 'कुंच्' किंवा 'कुच्' म्हणजे वळणं, आखडणं. कुरळ्या केसांना काव्यात 'कुंचित' म्हणतात, आणि आपला 'संकोच' याच धातूचा. पाहुण्यांसमोर अंग चोरून बसलेलं माणूस बघा, संकोच म्हणजे काय ते दिसतं. कणादांच्या वैशेषिक दर्शनात कर्म म्हणजे हालचाल, आणि तिचे पाच प्रकार सांगितलेत : वर फेकणं, खाली फेकणं, आकुंचन, प्रसारण आणि बाकी सगळं गमन. कणादांना हाडवैद्यकी करायची नव्हती, ते जगातल्या वस्तूमात्राची हालचाल वर्गवारीत बसवत होते. पण पुढच्या तर्कग्रंथांनी आकुंचनाची जी व्याख्या केली ती मला फार आवडते. शरीराच्या जवळ आणणारं ते आकुंचन, शरीरापासून लांब नेणारं ते प्रसारण. कोन नाही, हाड नाही. हे मुटकुळंच झालं की.

ज्ञानेश्वरांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं कासव मराठीत आणलं तेव्हा तिथंही हीच जोडी आहे. लहर आली की ते अवयव 'पसरी', आणि मनात आलं की 'आवरी'. पसरणं आणि आवरणं. फ्लेक्शन-एक्स्टेन्शनला याहून देखणी मराठी जोडी मला तरी सापडली नाही.

सुश्रुतानं सांध्यांचे आठ प्रकार सांगितलेत. बोटं, मनगट, घोटा, गुडघा आणि कोपर हे एका गटात, त्याचं नाव 'कोर', म्हणजे आपल्या बिजागरीसारखे. काख आणि जांघेतले सांधे दुसऱ्या गटात, त्याचं नाव 'उलूखल', म्हणजे उखळ. खांद्याचा गोळा खोबणीत कसा फिरतो ते ज्यानं उखळात मुसळ फिरताना पाहिलंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. बिजागरी फक्त उघडते आणि मिटते, उखळातलं मुसळ सगळीकडं कलतं. त्या ग्रंथातलं 'कूर्पर' म्हणजेच आपलं कोपर.

आता माझी तक्रार. आज मराठीत 'आकुंचन' हा शब्द शाळेच्या पुस्तकात स्नायूंना चिकटलाय. स्नायूंचं आकुंचन, हृदयाचं आकुंचन-प्रसरण. स्नायू आखूड होतो ते आकुंचन, हे ठीक. पण मग सांध्याच्या मिटण्यालाही आकुंचन म्हटलं की गोंधळ होतो. जमिनीवरून उठून उभं राहायचं असेल तर मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावतो, आणि त्यानं गुडघा सरळ होतो. म्हणजे स्नायूचं आकुंचन आणि सांध्याचं प्रसरण एकाच वेळी! व्यायाम शिकवणाऱ्यानं "मांडीचा स्नायू आकुंचित करा" म्हटलं की पेशंट हमखास गुडघा दुमडतो. चूक पेशंटची नाही. स्नायूला 'आखडणे' किंवा 'आवळणे' म्हणावं आणि सांध्याला 'मिटणे' नाहीतर 'दुमडणे', असं माझं मत. मराठीत या कामाचे शब्द काही कमी नाहीत. मूठ मिटते, गुडघा दुमडतो, कंबर वाकते, मान लवते. लवचीक हा शब्दही 'लवणे'वरूनच आलाय. पाय पोटाशी घेतात, मांडी घालतात, उकिडवं बसतात. एका फ्लेक्शनला आपण डझनभर नावं दिलीत. अवयव बदलला की क्रियापद बदलतं. डॉक्टरांना सगळ्यांसाठी एक शब्द लागतो, आपल्याला लागला नाही, एवढंच.

आमच्या शेजारच्या अक्का तेलुगू बोलतात. त्यांच्याकडं घडीला 'मडत' म्हणतात. पलीकडच्या कन्नड घरात दुमडण्याला 'मडचु'. सोलापुरात एका गल्लीत तीन भाषांतून गुडघे दुखतात.

अक्कांनी आयुष्यभर बिड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कात्रीनं कापलेलं तेंदूचं पान. त्यांचा हात जवळून बघितला तर फ्लेक्शनमधली एक बारीक गंमत कळते. पान वळताना त्यांची बोटं तळहाताजवळच्या पहिल्या सांध्यात मिटलेली असतात, पण पुढचे दोन सांधे जवळजवळ सरळ. चिमटीसारखी. एकाच बोटात एका सांध्याला फ्लेक्शन आणि त्याच क्षणी पुढच्यांना एक्स्टेन्शन. हे काम तळहातातले अगदी लहान, गांडुळासारखे स्नायू करतात आणि लॅटिनमध्ये त्यांचं नावही गांडुळावरूनच ठेवलंय. मग दोरा बांधून झाला की बिडीचं तोंड मुडपताना शेवटचा सांधा वाकतो. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं. हजार वेळा हे सगळं.

बोटं मिटवणारे मोठे स्नायू मात्र बोटांत नाहीतच. डाव्या हातानं उजव्या हाताची मनगट आणि कोपर यांमधली आतली बाजू धरा आणि उजवी मूठ वळून सोडा. तिथं सरसर हललं ना? मिटवणारे म्हणून त्यांना 'फ्लेक्सर' म्हणतात. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला त्यांच्या दोन दोऱ्या जातात, कंडरा म्हणतात त्याला. वरची कंडरा तळहाताजवळच्या पहिल्या पेराशी दुभागते आणि त्या फटीतून खालची पुढं निघून शेवटच्या पेरापर्यंत पोचते. मागावर काम केलेल्या माणसाला ही दोऱ्यातून दोरा ओढल्याची रचना लगेच कळेल. आणखी एक करून बघा. मनगट आत पूर्ण वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. आवळत नाही. मनगट वाकवण्यातच ते स्नायू आखूड होऊन बसले, आता ओढायला उरलं काय?

अक्कांचं उजवं मधलं बोट सकाळी मिटलेलंच राहतं. दुसऱ्या हातानं सरळ केलं की 'टक्' करून सुटतं. या दोऱ्या बोटात लहान लहान बोगद्यांतून जातात. दोरी किंवा बोगद्याचं तोंड सुजलं की दोरी अडकते, आणि जोर लावला की एकदम निसटते. बंदुकीच्या चापासारखं, म्हणून 'ट्रिगर फिंगर'. अक्का त्याला 'बोट रुसलं' म्हणतात.

घोट्याचं सांगायचं राहिलं. शिलाई मशीनचं पायडल पुढं दाबतो तेव्हा पाऊल खाली जातं आणि मागं उचलतो तेव्हा चवडा नडगीकडं येतो. दोन्हींना डॉक्टर फ्लेक्शनच म्हणतात! खाली दाबणं ते 'प्लँटर फ्लेक्शन', 'प्लँटा' म्हणजे तळवा. वर उचलणं ते 'डॉर्सी फ्लेक्शन', 'डॉर्सम' म्हणजे पाठ, इथं पावलाची वरची बाजू. कोन बघितला तर चवडा वर उचलताना तो लहान होतो. मुटकुळंही तसंच सांगतं. पण चवडा वर उचलणारे स्नायू बघितले तर त्यांतल्या बोटांकडं जाणाऱ्यांची नावं 'एक्स्टेन्सर', कारण बोटं सरळ करणं हेही त्यांचंच काम. कुठलाच पक्ष हरेना, म्हणून दोन्हींना फ्लेक्शन करून पुढं एक एक विशेषण लावलं आणि भांडण मिटवलं. खरं सांगायचं तर ही तडजोड मला जरा सरकारी वाटते, पण चालते.

ही नावं अशी पक्की व्हायलाही बराच काळ गेला. १५४३ मध्ये व्हेसेलियसनं शरीररचनेचा मोठा सचित्र ग्रंथ छापला तेव्हा स्नायूंना बरेचदा नुसते क्रमांक होते. पुढं कामावरून नावं पडत गेली, मिटवणारा, ताठ करणारा. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला नावांची एक अधिकृत यादी ठरली, त्यातून आजची यादी आली.

एक्स्टेन्शनचं मूळ मात्र सोलापूरकराला घरातच सापडेल. लॅटिन 'टेंडेरे' म्हणजे ताणणे. त्याला 'एक्स', म्हणजे बाहेर, लागलं की एक्स्टेन्शन, बाहेर ताणलेलं. हा 'टेंडेरे' आणि संस्कृत 'तन्' एकाच घराण्यातले. 'तन्'वरून तंतू, ताण, गाण्यातली तान, आणि मागावरचा ताणा. चादरीत उभे सूत ताणून धरतात तो ताणा, आडवा विणतात तो बाणा. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ताणा लागला त्यांना 'हात एक्स्टेंड करा' सांगण्यापेक्षा 'हात ताण' म्हटलेलं जास्त जवळचं, आणि मूळही तेच.

गुडघ्याचे आकडेही सांगून टाकते, कारण हा प्रश्न आमच्या ओळखीत प्रत्येक घरात आहे. निरोगी गुडघा १३५ ते १४० पर्यंत सहज मिटतो, उकिडवं बसणाऱ्याचा १५० च्या आसपासही जातो. खुर्चीतून उठायला ९० च्या थोडं वर लागतात. गुडघा बदलल्यावर बऱ्याच जणांना ११० ते १२० मिळतात. म्हणून डॉक्टर म्हणतात "ऑपरेशन यशस्वी" आणि घरी आलेली मावशी म्हणते "मांडी घालता येत नाही, कसलं यशस्वी?" दोघंही खरं बोलतात. एक जण खुर्चीचे अंश मोजतोय, दुसरी पाटाचे.

आईचा व्यायाम चालू आहे. सकाळी गरम पाण्याचा शेक, मग टेबलावर कोपर ठेवून हात हळूहळू मिटायचा, थांबायचं, सोडायचं. जोर लावून कुणी दाबायचं नाही, ते पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेवढं मात्र व्यायाम शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात नवा कागद मिळाला : १५ ते १२५.

यावेळी रिक्षात तिनं माझ्याकडं न बघताच वाचला. "सरळ व्हायचे पंधरा राहिले," ती म्हणाली, "आणि घासाचे पाच."

रात्री जेवताना मी मुद्दाम बघत होते. शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा वर आला, ओठांपाशी थबकला. तिनं मान घातली, पण अगदी थोडी.